पोस्टकार्डाची पट्टी

हुबळी,
श्रावण शुद्ध तृतीया, १९३७

प्रिय पुंडलिक,

माझं अक्षर पाहून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा खुशाली सांगतो. तुझी जनाक्का बरी आहे. सोनी दीड वर्षाची झाली, घरभर पळते, आणि मी कारखान्यातून आलो की ग्रीजच्या वासानं नाक मुरडते. तिनं आपल्या मामाला अजून पाहिलेलं नाही. त्याला कारण मी आहे आणि तेच लिहायला बसलोय. तीन कागद फाडून झाले, हा चौथा.

मळमड्डीच्या इंदुमतीबाईंची मोटार आठवते ना? त्यांच्या वकील यजमानांची असली तरी आपण सगळे बाईंचीच म्हणायचो. तिचं इंजिन तुझ्या हातचं. व्हॉल्व्हची फट मोजायचं माप आपले मालक शेषगिरीअण्णा कुलपात ठेवायचे, म्हणून तू जुन्या पोस्टकार्डाची पट्टी कापून घ्यायचास. ती फटीत किंचित अडत सरकली की नट आवळायचास. मी तुला पोस्टमास्तर म्हणून चिडवायचो, पण तुझी फट कधी चुकली नाही. तेवढ्या फटीमुळं इंजिन थोडं टकटकायचं आणि बाईंना ते खपत नसे. मोटार दारात आली की आळी गोळा होते, म्हणायच्या. तू त्यांना समजावलंस, 'अक्का, असू द्या ती टकटक. लोखंड तापलं की वाढतं, त्याला जागा लागते.' बाई फणकारून निघून गेल्या. तू जेवायला गेलास तेवढ्यात मी सगळे नट सैल केले आणि फट मिटवून टाकली. इंजिन गप्प झालं. मोटार पुन्हा येईल, बाई खूश होऊन विचारतील, तेव्हा अण्णांसमोर सांगायचं की हे मी केलं, असा माझा बेत होता. मोठ्या मिस्त्रीची जागा रिकामी होती आणि मला तिची हाव सुटली होती.

बाई त्या मोटारीतून गोकर्णापर्यंत जाऊन आल्या. तीन आठवड्यांनी बेळगावहून तार आली, त्यांची आई अत्यवस्थ होती. बेळगावच्या वाटेवर तेगूरच्या पुढं चढाला मोटार झटके द्यायला लागली आणि बंदच पडली. उतारूंची सर्व्हिस मोटार मिळून बाई पोचल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. आई दुपारीच गेली होती.

ओढून आणलेली ती मोटार तूच तपासलीस, मी शेजारी कंदील पुसत उभा होतो. दिवसाढवळ्या कंदील! काहीतरी हातात हवं होतं. तू कसंबसं इंजिन चालू करून एकेका प्लगची तार काढलीस. तिसऱ्याची काढली तरी इंजिनाला काही फरक पडेना, म्हणजे तो सिलिंडर आधीच मेला होता. प्लग बदलून पाहिलास, ठिणगी चांगली होती. हँडल फिरवलंस, तिसऱ्याच्या पाळीला हाताला जोरच लागेना, म्हणजे आतला दाब कुठून तरी निसटत होता. मग तू खिशातून पट्टी काढलीस. ती कुठंच शिरली नाही. तेव्हा तू मान वर करून माझ्याकडं पाहिलंस. इंजिनाचं डोकं खोलल्यावर जळून कड गेलेला व्हॉल्व्ह सगळ्यांनी पाहिला, पण तुला त्याआधीच सगळं कळलं होतं.

अण्णा ओरडले, 'यार माड्यार इदन्न?' हे कुणी केलं, याचं उत्तर द्यायला मला एक शब्द पुरला असता. जनाला तेव्हा सातवा महिना होता. तू म्हणालास, 'इंजिन माझ्या हातचं आहे, अण्णा.' अण्णांनी तुला कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी मीच तुझी वळकटी अळणावरच्या गाडीत चढवली आणि वर तुला उपदेश केला, की माणसानं काम जपून करावं.

जनाला वाटलं, भावानं हयगय केली. मी तिला तसंच वाटू दिलं. मग गेल्या श्रावणात तुझं कार्ड आलं. 'दाजी, पंचमीला जनाक्काला न्यायला येऊ का?' एवढंच होतं. तू आलास आणि बोललास तर, या भीतीनं मी ते तिला वाचून दाखवलं नाही. ती दारात वाट बघत बसायची. कार्ड आलं का, विचारायची. मी नाही म्हणालो. आणि पुंडलिक, त्या कार्डाच्या मी पट्ट्या कापल्या. वर्षभर तुझ्याच युक्तीनं, तुझ्याच कार्डानं मी लोकांची इंजिनं लावली आणि मोठा मिस्त्री म्हणून मिरवलो.

परवा बाईंची मोटार आली. बाई शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, 'त्या पुंडलिकानं माझी आईची भेट चुकवली.' माझ्या बोटांत पट्टी होती. तेलानं काळी झालेली, पण त्यावर 'जनाक्काला' एवढं वाचता येत होतं. मी तिथंच सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, 'आवाज बंद करा म्हणून मीच मागं लागले होते ना?' आणि पदर तोंडाला लावून मोटारीत जाऊन बसल्या. अण्णांनाही सांगितलं. त्यांनी मला खाली उतरवलं आणि मोठ्या मिस्त्रीची जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. यायचं की नाही, तू ठरव.

राहिली जना. यंदा तू बोलावलं नाहीस, कसा बोलावशील? तरी मी तिला सांगितलं, पुंडलिकानं बोलावलंय. तेवढं एक खोटं आणखी. कालपासून ती पंचमीचे तंबिटाचे लाडू वळते आहे आणि सोनीला मामाचं नाव शिकवते आहे. उद्या सकाळच्या गाडीनं दोघी निघतील, आणि हे पत्र तिच्याच हातात असेल. तिला वाचता येत नाही, तिला वाटतं यात खुशाली आहे. दोन दिवस मी तिच्यासमोर तोंड उघडतो आणि मिटतो. बाईंसमोर बोललो, अण्णांसमोर बोललो, तिच्यासमोर धीर होत नाही. म्हणून हे तूच तिला वाचून दाखव. हेही ओझं तुझ्यावरच टाकतोय, लाज वाटते. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू मला पाठीशी घालायला बघशील. या खेपेला घालू नकोस. कार्डाचं लिहिलंय ते तर मुळीच गाळू नकोस. सप्तमीला संध्याकाळच्या गाडीला मी स्टेशनवर येईन. ती उतरली नाही, तर तू पत्र पूर्ण वाचलंस असं समजून घरी जाईन.

तुझाच,
धोंडिबा दाजी