गोपिकेचं नापास होणं

१२ एप्रिल १९६९

गोपिका गणितात नापास. शंभरात नऊ! वर्षभर सातवीत पहिली येणारी पोर. पेपर दोनदा तपासला. हौद आणि दोन नळांच्या गणिताला तिचं उत्तर — हौद कधीच भरणार नाही. इतकं चुकायलाही डोकं लागतं.

१४ एप्रिल

भूगोलातही तेच. संत्री म्हणे राजस्थानात. नागपूरच्या पोरीनं हे लिहावं! इतिहासाचा गठ्ठा अजून सोडला नाही. भीती वाटते.

१६ एप्रिल

सापडली. पाण्याच्या टाकीमागे सहावीतल्या दोघींना तेच नळांचं गणित शिकवत होती, फरशीवर, खडूनं. उत्तर बरोबर. माझ्यापेक्षा सोपं करून. मला पाहिलं आणि खडू तोंडात टाकला — पुरावा गिळायला!

"थुंक आधी."

थुंकला. दोघी पोरी पळाल्या. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि काहीच विचारलं नाही. आमच्या हेडबाई, इंदुताई, नेहमी म्हणतात, पोर बोलायच्या बेतात असलं की मास्तरणीनं गप्प बसावं. मला ते फार जड जातं. आज जमलं.

"सातवी पास झाली का लगन हाय माह्यं," गोपिका म्हणाली. "मोठ्या बाबानं ठरवलं. कळमेश्वरकडचा पोरगा हाय." मोठा बाबा म्हणजे तिचे थोरले काका.

"आणि नापास झालीस तर?"

"मंग अजून शिकूनच राहिली म्हनतीन."

तेरा वर्षांची आहे.

"बाबांना सांगितलंस, नको म्हणून?"

"बाबाले नोका सांगू, बाई. मोठ्या बाबापुढं त्याइचं काई चालत नाही. लय वाईट वाटन त्याइले."

तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही, म्हटलं. पण कुणीतरी सांगायला तर हवं. बराच वेळ चपलेनं खडू पुसत बसली. मग म्हणाली, "तुमीच सांगा. मी दारामागं उभी राहीन."

१९ एप्रिल

इंदुताईंकडे गेले. म्हणाल्या, "भाषण देऊ नकोस. आधी खुर्ची दे, मग पाणी, मग कान." घरी येऊन आरशासमोर तालीम केली. आरशात फौजदार दिसत होता.

२१ एप्रिल

गोपिकेचे वडील शालिकराम आले. सदर भागात सायकल दुरुस्तीच्या दुकानात असतात. हात तेलानं काळे. खुर्ची खराब होईल म्हणून बसेनात. शेवटी मीच पोरींच्या बाकावर बसले, तेव्हा तेही समोरच्या बाकावर टेकले. दोघांचे गुडघे हनुवटीला. फौजदार तिथेच गळाला.

"गोपिका यंदा नापास होतेय," म्हटलं.

"अस्सं," ते म्हणाले. आणि हसले! लगेच हातानं तोंड पुसलं, तर ओठावर तेलाची मिशी उमटली. मी हसू दाबायला खिडकीकडे पाहिलं. काय बोलायचं ते सगळं विसरले. ते बाकावर पुढे सरकले आणि हळूच विचारलं,

"बाई, पुढच्या साली बी नापास करता येईन काय?"

मी गप्प. यावेळी मुद्दाम नाही.

"दादानं मले लहानाचं मोठं केलं. त्याइले नाही म्हनाले तोंड उचलत नाही. म्हनून म्याच अट घातली — सातवी पास झाल्याबिगर पोरगी देत नाही. मले वाटलं, तितकेच दिवस निघतीन. मंग पोरगी पहिली येऊन राहिली ना, बाई! दरवेळी पेढे वाटले, अन् जीव खाली-वर."

दारामागून हुंदका आला. गोपिका आत आली. शालिकराम उठून तिच्याकडे वळले.

"मले काहून नाही सांगितलं वं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं."

मी पाणी आणायला गेले. पाणी तिथेच टेबलावर होतं.

२७ एप्रिल

शालिकराम थोरल्या भावाला, नानाजींना, घेऊन आले. पांढरंशुभ्र धोतर, जरबेचा आवाज. मी कायदा सांगायची तयारी ठेवली होती. आयत्या वेळी विचारलं, "गोपिका तुमच्याकडे आली की काय करते?"

नानाजी खुलले. ती त्यांना पेपर वाचून दाखवते, आणि कंटाळा आला की मधेच खोट्या बातम्या घालते. एकदा वाघाला सरपंच केला होता म्हणे. सांगता सांगता खोकला येईपर्यंत हसले. मग थांबले. लग्नानंतर पेपर कोण वाचणार, हे मी बोलले नाही. खूप मोह झाला.

तेव्हा शालिकराम जमिनीकडे पाहत म्हणाले, "दादा, मले हे लगन नाही कराचं."

"मंग आजवर काहून नाही बोलला गा?"

"भेव वाटे."

"माह्यं?" नानाजींचा आवाज एकदम उतरला. चहा न घेता गेले. मला वाटलं, बिघडवलं मी सगळं.

३० एप्रिल

निकाल. गोपिका नापास. पेपरात पडले तेच गुण लावले. कुणाचाच काही निरोप नाही.

२६ जून

शाळा उघडली. गोपिकेला सोडायला नानाजी स्वतः आले होते. मुलाकडच्यांना त्यांनीच कळवलं म्हणे, आमची पोरगी सातवीतच गचकली, तुमच्या घरात शोभायची नाही. सोयरीक मोडली. त्यांच्या मिशीत हसू मावत नव्हतं.

हजेरी झाली. पहिल्या बाकावरून हात वर.

"बाई, आता पास होऊ का?"