शटडाउनची दिवाळी

अहो,

तुम्हाला नावाने हाक कधी मारली नाही, तेव्हा पत्रातही हीच. चार वर्षं झाली तुम्हाला जाऊन. या चार वर्षांत मनातल्या मनात पुष्कळ बोलले तुमच्याशी, पण कागद आज पहिल्यांदा घेतला. आपल्या मनूला आज मला उत्तर द्यायचंय, आणि ते एकटीने देववत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा ती बारावीला होती. पुढे तिने हट्टाने मेकॅनिकलच घेतलं. वर्गात मुली मोजक्याच. मी म्हटलं, शिकू दे, पुढचं पुढे. ते पुढचं आता दारात येऊन उभं आहे.

उद्या तिच्या कॉलेजात नोकरीसाठी मुलं निवडायला सॉफ्टवेअरची एक कंपनी येतेय. कॉम्प्रेसर बनवणारी कंपनी येणार ती त्यानंतर. आणि कॉलेजचा नियम असा, की एका कंपनीने निवडलं की दुसरीकडे बसता येत नाही. सॉफ्टवेअरचं ऑफिस ऐरोलीला. नाहूरहून खाडीपूल ओलांडला की आलंच. पोरगी संध्याकाळी घरी. कॉम्प्रेसरवाल्यांकडे तिला हवंय ते सर्व्हिस इंजिनियरचं काम. म्हणजे तुमचंच. बॅग भरलेली ठेवायची आणि फोन आला की निघायचं.

तिच्या वर्गातले बरेचजण मशिनपासून लांबच पळतायत. कोणी कोडिंगचा क्लास लावलाय, कोणी जर्मन शिकतोय, एकजण बँकेच्या परीक्षेच्या मागे आहे. परवा बोरीवलीहून भाऊजी आले होते. तुमचे भाऊ ते, बोलायला फटकळच. मनूला म्हणाले, इतकी वर्षं लोखंड घासलंस, शेवटी कीबोर्डच बडवायचा ना? मग उद्यापासूनच बडव. मनूने त्यांच्या ताटात आणखी एक चकली ठेवली. म्हणाली, "खा काका. लोखंडापेक्षा मऊच आहे." चकल्या मी केलेल्या होत्या, तरी मलाही हसू आलं.

भाऊजी गेल्यावर मात्र मी तिला तेच सांगितलं, जे ते सांगत होते. सॉफ्टवेअरला बस. ती "बरं" म्हणाली. एवढंच. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी काय चुकीचं सांगितलं, सांगा? लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, दिवाळीला सगळ्यांना सुट्टी असते. पहिल्याच दिवाळीला तुम्ही बॅग उचललीत. कारखाने दिवाळीत बंद राहतात, मशिनं थांबतात, म्हणूनच ती उघडून दुरुस्त करायला तेव्हा जायचं असतं, हे मला दारात चपला घालता घालता समजावलंत. शटडाउन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग दर वर्षी तेच. सगळी सोसायटी पहाटे उटणं लावून फटाके फोडायची, आणि मी मनूला आंघोळ घालून तुमच्या फोनची वाट बघत बसायची. भाऊबीज झाली की लोक कंदील उतरवायचे. आपला तुम्ही येईपर्यंत तसाच. खालून जाताना बायका विचारायच्या, काय गं, तुझी दिवाळी अजून यायचीय वाटतं?

आणि एका वर्षी ती आलीच नाही. कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये झोपलात ते उठलाच नाहीत; झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. फोनवर कोणीतरी परका माणूस मला वहिनी म्हणून हाक मारत होता. तुमच्याबरोबर काम करणारे लोकही मला तेव्हाच पहिल्यांदा दिसले. इतकी वर्षं तुम्ही कुणाबरोबर जेवत होता, हेही मला माहीत नव्हतं. याचा राग अजून आहे माझ्या मनात. सांगून टाकते.

तुम्हाला माझं वाचनाचं वेड माहीत आहे. शाळा दहावीपर्यंत, पण मिळेल ते वाचायचं. आता मनूची पुस्तकंही उघडते, शेजारी शब्दकोश घेऊन. एक धडा कळला. लोखंड मोठ्या वजनानेच तुटतं असं नाही. लहानसंच वजन पुन्हा पुन्हा येत-जात राहिलं, तरी आत बारीक चीर जाते, आणि वरून काही दिसत नाही. याला थकवाच म्हणतात. मी पुस्तक मिटलं आणि तुमच्या छातीचा विचार केला. मग माझाही.

काल रात्रीच्या जेवणाला मी नोकरीचा विषय पुन्हा काढला. म्हटलं, तुझ्या बाबांना काय मिळालं गं त्या मशिनांतून? मनूने भातात आमटी कालवली. मग म्हणाली, "आई, तू बाबांची वाट बघायचीस. मी बाबा येऊन काय सांगणार त्याची वाट बघायचे."

खरंच की. तुम्ही आल्या आल्या ती तुम्हाला चिकटायची, आणि तुम्ही तिला पाटावर बसवून सांगायचात, कुठली शाफ्ट वाकली होती, मशिन चालू झाल्यावर सगळे कसे गप्प उभे राहून आवाज ऐकत होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मिक्सरला टेकवून, मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकायला तुम्हीच शिकवलंत ना तिला? मी तेव्हा तुमच्या तेलकट कपड्यांना साबण लावत असायची. तुमची दिवाळी मला कधी दिसलीच नाही. तिला दिसली.

मग मी विचारलं, आणि मी इथे एकटी? ती म्हणाली, "म्हणून तर बरं म्हटलं ना."

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तिला मशिन नको असतं तर मी सुखाने ऐरोलीला धाडली असती. पण ती माझ्यासाठी जातेय. रोज संध्याकाळी घरी येईल, हसून जेवेल, आणि आत चीर वाढत जाईल. ती मला दिसणारही नाही.

भीती गेलेली नाही, अहो. तिची बॅग दारात दिसली की मला तुमची बॅग आठवणार आहे. पण तुम्हाला शब्द देते, मी तिला अडवणार नाही. फोन मात्र रोज हवा. तुमच्यासारखं "कामात होतो" मी ऐकून घेणार नाही. तिच्याबरोबर कोण आहे, कुठे जेवते, सगळ्यांची नावं मला माहीत हवीत. आणि कंदील ती येईपर्यंत उतरवणार नाही. बायका विचारतील, विचारू देत.

मनू आत उद्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी शर्टाला इस्त्री करतेय. गरम कापडाचा वास इथपर्यंत येतोय. हे लिहून झालं की आत जाऊन मी इस्त्रीचं बटण बंद करणार आहे, आणि सांगणार आहे, हा शर्ट कॉम्प्रेसरवाल्यांसाठी ठेव.

तुमच्यावर रागावलेली, आणि तुमचीच,
सुलभा