हायटेन्शन तारेखालचा ऊस

तीर्थस्वरूप हरनारायण दाजी यांच्या चरणी बिसुनदेवचा दंडवत (हात अजून काळे आहेत, म्हणून लांबूनच).

तुमचा गुडघा कसा आहे? ऑकलंडच्या थंडीत तो रुसून बसतो, असं ताई मागे म्हणाली होती. तिला सांगा, खोबरेल तेलात लसूण कडकडवून चोळा, आणि चोळताना तुमच्याशी भांडू नका. आमच्या अंजनीकडे तुम्ही दोघं जातायेता बघता, तिला रोटी-भाजी पोचवता, हे उपकार मी या जन्मी काही फेडू शकणार नाही. पोरीला नववा लागलाय, पहिलंच बाळंतपण, आणि आई समुद्रापलीकडे, इथे आपल्या बेटावर. ‘तिचे दिवस भरायच्या आत मला तिथे पोचायचंय’ हे वाक्य सुभागवती मला रोज चहाबरोबर वाढते. जेवताना पुन्हा वाढते.

फोन लागत नाही म्हणून तुम्ही काळजीत असाल. इथे लाइट नाही, त्यामुळे डोंगरावरचा टॉवरही गप्प झालाय. खोऱ्यात बॉम्ब फुटला असं तुमच्या कानावर आलं असेल, तर घाबरू नका. बॉम्ब नव्हता, मी होतो. म्हणून म्हटलं, निवांत पत्रच लिहावं. असंही सध्या मला शेजारीपाजारी कोणी बोलावत नाही.

झालं काय, की पाळीपाळीने एकमेकांचा ऊस तोडणाऱ्या आमच्या टोळीत आम्ही सातजण, आणि यंदा माझा नंबर सातवा. टोळीचा सरदार मुन्सामी. त्याची-माझी होळीपासून बोलाचाली बंद. (फाग गाताना त्याचा ढोलक ऐकून मी म्हटलं, की माशाचा रिकामा डबा याहून बरा वाजतो. सगळ्यांसमोर म्हटलं, ही चूक. म्हटलं ते खरंच होतं.) सातवा नंबर म्हणजे ऊस तुटेस्तोवर नातवंड पालथं पडणार. आणि ऊस उभा टाकून नवरा-बायको दोघं विमानात बसली, तर आल्यावर खायचं काय? मुन्सामीला नंबर बदलून मागायचा, तर माझी मान वाकेना.

आता तुम्ही इथून गेल्याला जमाना झाला, तरी आपल्याकडची रीत विसरला नसाल. जळालेला ऊस थांबत नाही, रस आंबतो, म्हणून त्याला पुढचा नंबर द्यावा लागतो. आणि म्हणून आपल्याकडे तोडणीच्या दिवसांत ऊस पेटतो. लावत कोणीच नाही, तो पेटतो. कोणाची विडी पडते, कोणाचं पोरगं फटाका उडवतं, एकदा तर एकाने सूर्यावर ढकललं. तर तसा माझाही पेटला. (दाजी, तुमच्यापासून काय लपवायचं? काडेपेटी आमच्याच चुलीजवळची होती.)

मी काही येडा नाही. वारा बघितला, पान हलत नव्हतं. शेजारच्या शेताकडची पट्टी साफ केली, पाण्याचे पिंप भरून ठेवले, म्हैस लांब बांधली. सुभागवतीला हाताशी ओली पोती घेऊन उभं केलं. ती म्हणाली, “अहो, नीट विचार केलाय ना?” मी म्हटलं, “चारी दिशांचा केलाय.” आणि खरंच चारी दिशांचा केला होता. आता शेतावरून हायटेन्शन लाइन गेलीय हे मला माहीत नव्हतं का? तिच्याच सावलीत मी चाळीस वर्षं न्याहारी करतोय. पण माणूस घराच्या छपराकडे रोज बघतो का? तसंच ते.

सूर्य टेकला होता. ऊस असा काही पेटला, की मलाच अभिमान वाटला. ज्वाळा ताडाएवढ्या, आणि वर काळा धूर सरळ आभाळात. तेवढ्यात डोक्यावर चर्रर्र असा आवाज सुरू झाला, कढईत ओली मिरची टाकावी तसा. मी वर बघितलं. तारेपासून ज्वाळेपर्यंत एक निळा-पांढरा लोळ उतरला, आणि धडाम! दाजी, मी आडवा. कानात घंटा, तोंडात माती. माझी खात्री झाली की मी मेलो, आणि मेल्यावरसुद्धा सुभागवतीचा आवाज येतो हे बघून अंमळ वाईटही वाटलं. ती म्हणत होती, “उठा, संपलं ते.” मी उठलो, अंग झटकलं. पुन्हा धडाम! पुन्हा आडवा. लाइनच्या खांबावर त्या चिनी मातीच्या बशांची माळ असते ना, तिचे तुकडे म्हशीच्या आसपास पडले. म्हैस दावं तोडून जी गेली, ती अजून माझ्या हाकेला येत नाही. तिसऱ्या वेळी मात्र मी उठलोच नाही. म्हटलं, वरच्याचं पुरतं होऊ दे. तिसरा सगळ्यांत मोठा झाला, एक तार सुटून नांगरटीत पडली, आणि डोंगरापासून समुद्रापर्यंत सगळे दिवे गेले.

दुसऱ्या दिवशी वीज कंपनीची इंजिनियर आली, लितिया नावाची. हसरी पोरगी, गमबूट चिखलाने भरलेले. ती म्हणाली, “काका, धूर आणि ज्वाळा वरपर्यंत गेल्या की हवाच तारेसारखी होते, वीज खाली उतरते. मग लाइन आपोआप बंद पडते, आणि अडचण गेली का ते बघायला आपोआप पुन्हा चालू होते.” अशी चौकस लाइन मी आयुष्यात बघितली नाही. मग तिने विचारलं, “आधी ऊस पेटला, की आधी आवाज झाला?” मी छातीठोकपणे सांगितलं, “आधी आवाज. तारेतून ठिणगी पडली, त्याने ऊस पेटला.” तिने ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, जिंकलो.

आणि इथेच घात झाला. ‘तारेतून ठिणगी’ हे कारण टोळीला इतकं आवडलं, की त्याच संध्याकाळी उरलेल्या सहाही जणांचे ऊस पेटले! सगळ्यांचं एकच म्हणणं, तारेतून ठिणगी. लितिया पोट धरून हसली. “अहो काका, कालपासून त्या तारेत वीजच नाही. मेलेल्या तारेतून ठिणगी कशी पडेल?” त्यातल्या एकाच्या शेतावरून तर तारच जात नाही. तो म्हणाला, उडून आली असेल. मग तिने मलाच पुन्हा विचारलं, आणि मी मान खाली घालून खरं सांगितलं. कंपनीची नोटीस येईल ती येईल.

रात्र पडायच्या आत मुन्सामीने टोळी जमवली. गावात फ्रीज बंद, म्हणून ज्याच्याकडे जे गोठवलेलं होतं ते सगळं शिजत होतं, बकऱ्यापासून खेकड्यापर्यंत. (तीन दिवस गाव मला शिव्या देतंय आणि पोटभर जेवतंय.) यंगोनाच्या मुळीची पूड पाण्यात कालवली, प्यायला करवंटी फिरली, माझ्यापर्यंत येताना जरा रेंगाळली. मुन्सामी म्हणाला, “सातांपैकी सात ऊस जळाले. म्हणजे सगळेच पुढे, म्हणजे कोणीच पुढे नाही. नंबर होता तोच राहील.” झालं! आभाळ फोडून मी पुन्हा सातवा.

दाजी, तेव्हा माझा बांध फुटला. मी म्हटलं, “मुन्सामी, ढोलक छान वाजवतोस. माझ्या अंजनीचे दिवस भरत आलेत, तिच्या आईला न्यायचंय, म्हणून काडी ओढली रे.” मुन्सामी असा काही ओरडला, की चौथा धमाका तो. “अरे गाढवा! अंजनी माझ्या पोरीबरोबर शाळेत गेली. तोंडाला काय कुलूप होतं तुझ्या? आधी तोंड उघडायचं की आधी ऊस पेटवायचा? उद्यापासून तुझा ऊस तोडायचा. आणि तो मिलच्या वजनकाट्यावर जाईस्तोवर इथे थांबायचंही नाही, निघ!” बाकीच्यांनी एका सुरात हो म्हटलं. मला रडू आवरेना. मुन्सामीने करवंटी पुढे केली आणि म्हणाला, “ढोलकाचं पुन्हा म्हण.” मी पुन्हा म्हटलं. खोटंच होतं, पण मनापासून म्हटलं.

तर असा सगळा प्रकार. ताईला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला आराम.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
बिसुनदेव

ता. क. शनिवारच्या विमानाची तिकिटं काढायला मुन्सामीचा पुतण्या शहरात गेलाय. विमानतळावर गाडी घेऊन या. आणि अंजनीला यातलं अक्षरही कळू देऊ नका. पोरीला बापाची लाज वाटेल.

ता. क. २. दाजी, आत्ता लाइट आली. फोन चार्जिंगला लावला आणि तो थरथरतच सुटला. तुमचे मेसेज, ताईचे मेसेज. मुलगी झाली! दिवस भरायच्या आधीच! आणि झाली ती त्याच संध्याकाळी, मी इथे मातीत तोंड खुपसून पडलो होतो तेव्हा. सुभागवती आधी नाचली, मग लाटणं घेऊन माझ्यामागे धावली, मग आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून रडलो. पण शेवटचा मेसेज अंजनीचा होता: ‘मुलगी झाली म्हणून बाबा बोलत नाहीत का?’ दाजी, काळजात चर्र झालं. लगेच फोन केला. मी म्हटलं, लाइट नव्हती ग. ती म्हणाली, “बाबा, तीन दिवस? काहीतरी बरं कारण तरी सांगा,” आणि फोन ठेवला. आता उचलत नाही. तिच्या आईचाही नाही. म्हणून ‘अंजनीला कळू देऊ नका’ असं जे वर लिहिलंय, ते खोडलं असं समजा. मुन्सामीचा पुतण्या तिकडेच कामाला असतो, सुट्टी संपवून उद्याच्या विमानाने परत येतोय, तोच हे पत्र आणेल. ते हाती पडताच तिच्या उशाशी बसून मोठ्याने वाचा. काडेपेटी वगळू नका, ढोलक वगळू नका, मी तीनदा आडवा झालो तेही वगळू नका. खाली मुन्सामीने आणि टोळीतल्या सगळ्यांनी सह्या केल्यात. लितियानेही केलीय, वर कंपनीचा शिक्का मारून दिलाय. अंजनीला म्हणावं, बाप मूर्ख आहे, नाराज नाही.

ता. क. ३. इतके मेसेज टाकलेत, पण बाळाचं वजन एकातही नाही. सुभागवती माझ्या डोक्याशी उभी आहे. वजन कळवा.