खळ्याशेजारी दोन खोल्या

१६ जाने., गुरुवार. वाशिंद

बॅग दोनदा भरली, दोनदा उपसली. बाळाचा फोन, "ताय, स्वेटर घे गो, थंडी मारते तिकडं." धाकटा असून हुकूम सोडतो. सोडणारच. गाडी त्याची, रस्ता त्याच्या पायाखालचा. शहापूरहून लोकांना कच्छला फिरवून आणायचा धंदा त्याचा. परक्यांना वाळवंट दाखवून झालं, आता सख्ख्यांची आठवण झाली.

दादा येतोय हेच नवल. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, म्हणून मोकळा. वहिनी येत नाही. म्हशीला कोण बघणार? म्हणजे आम्ही तिघं भावंडंच. अशी तिघंच शेवटची कुठे गेलो होतो? म्हसा गावच्या जत्रेला बहुतेक, माझ्या लग्नाआधी.

दादाशी बोलायचं आहे. दिवाळीत मी कंपनीतून रिटायर झाले. हे जाऊन सात वर्षं होतील, लेक प्राची नाशिकला तिच्या संसारात. तिसऱ्या मजल्यावर मी आणि टीव्ही. मला गावी जाऊन राहायचंय. मुरबाडच्या पुढे, आमच्या गावात, भात झोडायच्या खळ्याशेजारी दोन खोल्या आणि पुढे वालाचा मांडव. एवढंच. पण जागा दादाची. बाबा गेले तेव्हा बहिणीने सोडायची असते तशी मी सोडली. हसत सोडली, सगळ्याच सोडतात. आता कोणत्या तोंडाने मागू?

प्रवासात विचारीन. इथून पुढे ह्या विषयाला 'तो वि.' एवढंच लिहीन.

१७ जाने., शुक्रवार. भरूच

पहाटे निघालो. दादा पांढरा सदरा, टोपी, नवी चप्पल. नवरदेवच. पुढे बाळाशेजारी बसला आणि मनोरपर्यंत गाडी त्यानेच चालवली. म्हणजे तोंडाने. "हळू. ट्रक हाय. हळू रे." शेवटी बाळा म्हणाला, "दादा, तू झोप, नायतर मी झोपतो."

वापीच्या पुढे दादाचं सगळं लक्ष शेतांकडे. ऊस बघितला, केळी बघितली. "पानी हाय गो यांच्याकडं," असं दर अर्ध्या तासाने.

तो वि. नाही. बाळासमोर कसा काढणार?

१८ जाने., शनिवार. दसाडा, छोट्या रणाच्या काठावर

आज लाज गेली. वहिनीने दादाच्या पिशवीत सुकट दिली होती, भाजलेली, खोबरं-मिरची घालून, आणि वर कच्च्या सुकटीची वेगळी पुडी. "तिकडं काय मिळंल न मिळंल." दोन दिवस बंद गाडीत, उन्हात. आम्हाला वास येईना, आमची नाकं तीच. उतरलो तिथे मालक पक्के शाकाहारी, घरात देवघर, आई माळ जपत बसलेली. आमच्या सामानापाशी आले आणि उभ्याउभ्या थिजले. "भाई, ये क्या है?"

दादा अभिमानाने, "सुकट! आमच्याकडची. खाव."

बाळाने पिशवी उचलली आणि धावतच बाहेर. बाभळीला उंच टांगून आला. मालक बिचारे भले, हसून घेतलं, पण आईने माळ उचलून आतल्या खोलीत नेली. मी तीन वेळा माफी मागितली. दादा जेवताना रुसलेला. बाजरीचा रोटला, लोणी, गूळ, वांग्याचं भरीत, सगळं इतकं सुरेख, तरी म्हणतो, "तोंडाला चव नाय." दोन रोटले खाल्लेच.

१९ जाने., रविवार. भुज

सकाळी अंधार सरता सरता जीपमधून अभयारण्यात. आधी काहीच दिसेना. जमीन सपाट, तव्यासारखी, भेगाळलेली. ना झाड, ना डोंगर. आम्हाला डोंगर नसला की दिशाच कळत नाही. आपल्याकडे कुठेही उभं राहा, एका अंगाला माहुली नाहीतर नाणेघाट असतोच. इथे दादा मान फिरवून फिरवून बघत होता. "हितं मानूस हरवला तर घरी जायचा कसा?"

मग घुडखर दिसले. रानगाढवं. बदामी रंग, पोट पांढरं, पाठीवर काळी रेघ, आणि काय तो डौल! चौदा-पंधरा होती. आमच्याकडे बघून उभी राहिली, मग एकदम दौडत सुटली. मी टाळ्या वाजवल्या, गाईड रागावला. बाळा म्हणे, "बघ, सहाशे किलोमीटर येऊन गाढवं बघितली." दादा म्हणाला, "गावात बघायची सोय व्हती की, तू हायस." खूप हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

पुढे तळ्याकाठी करकोचे, शेकडो, पुंगी वाजवल्यासारखे ओरडत.  दादा टोपी काढून बसला होता. नंतर हळूच, "तुझ्या वहिनीला आनायला पायजे व्हतं."

तो वि. ओठांवर आला होता. पण वहिनीचं नाव निघालं आणि मी गिळला. घर तिचं आहे. मी दादाला विचारायचं ठरवून बसले, तिचा विचारच केला नव्हता.

२० जाने., सोमवार. बन्नी

रण जवळ आलं. गोल मातीच्या घरात उतरलो, 'भुंगा' म्हणतात. आत आरशांचे तुकडे बसवलेली भिंत, वर गवताचं छप्पर. दादा आत बसेचना. घराभोवती फिरला, भिंतीवर बोटाने टकटक केलं, खाली बसून जोतं बघितलं. मालकाला विचारतो, "बारिश में पानी अंदर आता क्या?" मालक म्हणाला, जोतं उंच घेतलंय. दादाने वीत लावून मापलं. मला वाटलं, ह्याला काही कळलंय की काय? मी तर कुणालाच बोलले नाही. प्राचीला बोलले होते. प्राची बाळाशी फोनवर बोलते. बाळाच्या पोटात काही राहत नाही. अगं बाई.

विचारलं बाळाला. आधी "मला काय म्हाईत" म्हणाला. मग म्हणाला, "ताय, तू गावात? लाइट जाते, दुकान लांब, दुपारी चिटपाखरू नाय. चार दिवसांत पळशील." म्हटलं, जन्मले कुठे मी? म्हणे, "जल्म घेनं वेगळं." दादाला सांगितलंस का? तर गाडीचे टायर बघायला निघून गेला.

आज राग आला होता. आता नाही. बाहेर म्हशी परतताहेत, त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात. बन्नीच्या म्हशी, वळणदार शिंगं. दादा गेलाय बघायला.

२१ जाने., मंगळवार. बन्नी

काय लिहू आणि काय नाही!

सकाळी पांढरं रण. रस्ता संपतो आणि पुढे नुसतं मीठ. क्षितिजापर्यंत. मी चपला काढून हातात घेतल्या, पायाखाली कुरकुर. उंटगाडीवाला म्हणाला, इथपर्यंतच, पुढे वरचा थर कच्चा आहे, खाली दलदल. बाळाने दादाला मराठीत समजावलं, "फुडं चिखल हाय."

चिखल म्हटल्यावर दादा खुलला. "चिखलाची भीती मला घालतंस? जल्म गेला चिखलात." चप्पल काढून बगलेत मारली, पायजमा गुडघ्याच्या वर खोचला, अगदी भात लावायला, आवणीला उतरतो तसा, आणि चालायला लागला. पाऊलही तसंच, आधी बोटं, मग टाच. आम्ही ओरडतोय, तो हात हलवतोय. मग थर फुटला. एक पाय गुडघ्यापर्यंत. दुसरा काढायला गेला तर तोही.

एवढा घाबरलेला दादा मी कधी बघितला नव्हता. "सुमे, ह्याला तळ नाय गो!" आपल्या शेतातल्या चिखलाला खाली कडक जमीन असते, पाय टेकतो. हा टेकेना. उंटगाडीवाल्याने दोर टाकला, तो आणि बाळा पोटावर आडवे होऊन ओढत होते. मी गणपती, खंडोबा, गावदेवी, ज्याचं नाव आठवेल त्याला हाक मारत होते. निघाला. कमरेपर्यंत काळा.

आणि मग खरं रडू. टाचांच्या भेगांत मीठ गेलं. वर्षानुवर्षं शेतात उघड्या पायांनी राबून त्याच्या टाचा खेकड्यांनी बिळं पाडलेल्या बांधासारख्या झाल्यात. तो गाडीच्या दारात बसून "आई आई" करतोय. प्यायचं सगळं पाणी ओतलं. पाय मांडीवर घेतले आणि एकेक भेग धुतली. किती वर्षांनी त्याला हात लावला असेन? भाऊबीजेला ओवाळते, तेवढाच.

आणि तिथेच विचारलं. ठरवून नाही. आता ह्याला उठून जाता येत नाही हे मनात आलं, आणि तोंडातून निघून गेलं. "दादा, मला गावी राहायला यायचंय. खळ्याशेजारी दोन खोल्या बांधीन. जागा देशील?"

तो काही बोलायच्या आत बाळा मागून, "अडला हरी!" पुढचं कुणी म्हणायची गरजच नव्हती. दादा त्याला मारायला चप्पल शोधू लागला. एक चप्पल लांब रणात राहिलेली. मी पाय धरून, दादा चिडून, बाळा उंटामागे. उंटगाडीवाल्याला काय वाटलं असेल!

सगळं शांत झाल्यावर दादा म्हणाला, "खळ्याशेजारी पानी साचतं."

बस्स. 'हो' नाही, 'नाही'ही नाही.

२२ जाने., बुधवार. काळो डुंगर, परत बन्नी

दादा बाळाच्या सँडलमध्ये, पायांना तेल-हळद. डोंगरावर गाडी वरपर्यंत जाते म्हणून आला. वरून रण दिसतं, आभाळ कुठे संपतं कळत नाही. देवळाजवळ भात-गूळ ठेवतात आणि कोल्हे येऊन खातात, असं म्हणतात. आम्ही थांबलो, कोल्हा आला नाही. बाळा म्हणाला, "सुकट ठेवली असती तर आला असता."

परत येताना दादा आपणहून, "उंच जोतं घ्यावं लागंल."  मग, "पन मातीचं घर आपल्याकडं जमनार नाय, पाऊस लय."  मग, "म्हशी चांगल्या हायेत यांच्या."

मी खिडकीतून बाहेर बघत होते. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. नाही म्हणाला तरी चालेल असं नाही, चालणार नाहीच. पण मागितलं. तोंडात धरून ठेवलेलं मोकळं झालं. रात्री झोप लागली होती छान.

२४ जाने., शुक्रवार. वाशिंद

घरी. कालपासून नुसता रस्ता. वहिनीसाठी अजरख छापाची साडी घेतली, गडद निळी. रंग दादाने निवडला, दुकानात सगळ्या साड्या उलगडायला लावून.

मला सोडताना दादा गाडीतून उतरला. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आला, पाय दुखत असताना. पाणी प्यायला. गॅलरीत उभा राहून खाली बघितलं. समोरच्या नव्या बिल्डिंगा, खाली पार्किंग. "हितं दिवसभर काय करतंस?"

मी टीव्हीकडे बोट दाखवलं.

जाताना जिन्यात, "वहिनीला तूच विचार. मी नाय मदी पडनार. आनी ये सोमवारी, साडी तूच दे."

२७ जाने., सोमवार. गाव

मुरबाडवरून एसटी. वहिनी ओट्यावर वाल सोलत बसलेली. साडी बघून हरखली, अंगावर टाकून बघितली, लगेच घडी घालून ठेवली. दादा "पेंढा बघतो" म्हणून सटकला. भित्रा.

विचारलं. सरळ. दादाला विचारलं होतं तसंच.

वहिनी वाल सोलतच राहिली. मला वाटलं, गेलं. मग म्हणाली, "वन्सं, मी ह्या घरात आले त्याच उन्हाळ्यात तुमी लगीन करून गेल्या. तवापासून येताय त्या पाहुन्या म्हनून. गोडधोड करायचं, तुमची पिशवी भरायची, एसटीवर सोडायचं. आपन दोघी ऱ्हायलोयच कुठं? मला म्हाईत नाय तुमी कशा. तुमाला म्हाईत नाय मी कशी."

 खरंच आहे ते.

"रागावू नका," म्हणाली. "ह्या आवनीला या. महिनाभर ऱ्हा. चिखलात उतरा, भांडू, बघू. मंग दोन खोल्यांचं."

मी म्हटलं, "येते."

"पाहुनी म्हनून नाय हां."

"नाही."

तशी वहिनी उठली. कंबर धरून, हळूच. म्हशीची वेळ झाली होती. बादली घेऊन दारातून म्हणाली, "मंग आज च्या तुमीच ठेवा. मी दूध घेऊन येते."

चूल पेटवली, पाणी ठेवलं. चहाची पूड पुढेच होती. साखर मिळेना. मांडणीवर सारखेच डबे, स्टीलचे, एकावरही नाव नाही. पहिला उघडला, पोहे. दुसरा, मेथ्या. तिसऱ्यात सुकट, त्याचं झाकण लगेच लावलं. एवढी वर्षं ह्या घरात येते, आणि साखर कुठे असते मला माहीत नाही.

गोठ्यातून आवाज, "वन्सं, घावली का साखर?"

हाक मारून विचारणार होते. नाही विचारलं.

"तू काढ दूध," म्हटलं. "मी शोधते."

पाणी उकळायला लागलं होतं. वरच्या फळीपर्यंत हात पोचेना, म्हणून पाट ओढला आणि त्यावर चढले.