सात नंबरचं घर

२ सप्टेंबर

लष्कराचं पत्र. पंचावन्न वर्षांनी! तोफांच्या सरावाच्या मैदानात ज्यांची घरं होती, त्यांना एक दिवस आत सोडणार. अकरा तारखेला, रविवारी, दहा ते तीन. ओळखपत्र आणावे, पायवाट सोडू नये.

वाचलं, घडी घालून शिवणयंत्राच्या खणात टाकलं. दोन पँटी आखूड करायच्या होत्या, त्या केल्या.

३ सप्टेंबर

दादाला फोन. "तू जा. माझे गुडघे दुखतात," म्हणाला. माझे काय नाचतात?

५ सप्टेंबर

आठवतंय तेवढं लिहून ठेवते.

मी सात वर्षांची, दादा बाराचा. युद्ध लांब कुठेतरी चाललेलं. आमच्यासाठी युद्ध म्हणजे साखर नाही आणि खिडक्यांना काळे कागद. मग एक दिवस कॅप्टन आला. बूट दाराबाहेर पुसून आत आला, म्हणून आईला सभ्य वाटला. म्हणाला, पाच दिवसांत शेत खाली करा. युद्ध संपलं की परत.

"बटाटे जमिनीत आहेत," बाबा म्हणाले.

"निघतील तेवढे काढा."

चार दिवस आम्ही चौघं बटाटे उपसत होतो. निम्मे गोट्यांएवढे. त्यातच तिसऱ्या दिवशी गाय व्याली – तिला कसली घाई झाली होती कोण जाणे! वासराचं अंग मी पोत्याने पुसलं. ओलं, गरम. एवढंच काय ते हाताला अजून आठवतं.

पाचव्या दिवशी आईने सगळ्या फरश्या घासल्या, चूल लख्ख केली. बाबा ओरडले, "कोणासाठी? उद्या तोफा डागणार आहेत यावर!" आई म्हणाली, "घाण घर टाकून मी जाणार नाही."

बाबा गोठ्याच्या दाराला कपाळ टेकून हुंदके देत होते. आई गाडीत पुढे जाऊन बसली. मागे वळून पाहिलं नाही.

६ सप्टेंबर

काही नाही. काजं केली.

८ सप्टेंबर

शहरात लॉन्ड्रीच्या वर दोन खोल्या मिळाल्या. बाबा गोदामात लागले, आई साबणाच्या कारखान्यात, वड्यांना कागद गुंडाळायला. युद्ध संपलं. शेत मिळालं नाही. रोज जेवायला बसलं की बाबा सरकारच्या नावाने बोटं मोडायचे. "चोर! तोंडावर सांगितलं होतं, परत देऊ म्हणून!" काका-आत्या आले की जरा जास्तच. आई गप्प वाढत राहायची.

त्या चोरांवर दात खातच मी मोठी झाले. मग कधीतरी तेही थांबलं. कधी, ते कळलं नाही. त्या जागी दुसरं काही आलं नाही.

११ सप्टेंबर

जाऊन आले.

लाल झेंडी घेतलेला एक जाडजूड हवालदार पुढे चालत होता. "मावशी, इकडंतिकडं पाय टाकू नका. न फुटलेलं असतं काहीबाही." छप्पर नाही. स्वयंपाकघराला भोक – बैल आत जाईल एवढं. बाहेरच्या भिंतीवर पांढऱ्या रंगात मोठा सात.

"हे काय?"

"तोफांच्या नेमाचं निशाण, नंबर सात. आमच्या पोरांचं आवडतं," तो म्हणाला. मग जीभ चावली बिचाऱ्याने.

उभी राहिले. पोटात काही हलेल म्हणून वाट पाहिली. नाहीच. डबा आणला होता, तो खाल्ला. दुसऱ्या कुणाच्या घरासमोर बसल्यासारखी.

फाटकापाशी वही होती. नाव, वेळ, अभिप्राय. अभिप्रायात लिहिलं – चोर. तेही बाबांच्या वतीने. मला स्वतःला तेवढंसुद्धा वाटत नव्हतं.

१२ सप्टेंबर

दादाला फोन करून सगळं सांगितलं. वहीत चोर लिहिलं तेही. हसेल वाटलं होतं. "नंतर बोलतो," म्हणाला. ठेवलाच.

१४ सप्टेंबर

दादाचा फोन. न विचारता बोलायला लागला.

"युद्ध संपलं त्याच वर्षी पत्र आलं होतं. तुमची जमीन कडेची आहे, हवी तर परत घ्या. बाबांनी आईला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही खुशाल जा, मी त्या शेतावर पुन्हा पाऊल ठेवणार नाही. बाबा रात्रभर बसून होते. सकाळी नकार लिहिला. पोस्टात मी टाकला."

"मग जन्मभर त्या शिव्या?"

"आईला कोणी बोल लावू नये म्हणून. काका-आत्यांनी फाडून खाल्लं असतं तिला. मला शपथ घातली होती."

फोन ठेवला. माझं रडणं ऐकून शेजारीण धावत आली. काय झालं, काय झालं!

"बाबा गेले," म्हटलं.

बावीस वर्षं झाली, हे सांगायचं सुचलंच नाही.