दांडीवरचं सोवळं

खामगाव,
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. निशिगंधा,

अनेक आशीर्वाद. आशीर्वाद द्यायची माझी लायकी आहे की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर तूच ठरव.

इकडे सर्व ठीक आहे. यांचा खोकला गेला, पण मफलर काही निघत नाही. विहंग बँकेत जातो, येतो, जेवतो आणि माझ्याशी कामापुरतं बोलतो. तुझ्या गवती चहाला मी रोज पाणी घालते, पण तो जरा रुसल्यासारखाच दिसतो. तुझ्या अण्णांच्या हरभऱ्याला यंदा फूल कसं आहे? सुलतानपूरला थंडी इथल्यापेक्षा जास्त असेल. आईंना म्हणावं, पहाटे अंगणात बसू नका.

दसऱ्याला तू मला सुती परकर आणले होतेस, नाडीऐवजी रुंद पट्टीचे, आणि त्यांच्यासोबत एक नवा टॉवेल. "मला काय म्हातारी समजतेस?" म्हणून मी तेव्हा फणकारले होते. ते परवा घडीतून काढले. छान बसतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन मी दोनदा लावला आणि पहिली रिंग वाजताच ठेवून दिला. समोरून कोणी बोललं की मी आपलंच घोडं पुढे दामटते, हे तुला सांगायला नको. कागद मध्ये बोलत नाही, त्यामुळे मला भांडायला कोणी उरत नाही.

तर, मी मागच्या महिन्यात एकदा आणि या मंगळवारी एकदा अकोल्याला जाऊन आले. यांना सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. नंबर काही वाढलेला नाही. मी तुझ्या कॉलेजच्या दवाखान्यात गेले होते, कातडीच्या विभागात.

निशिगंधा, गजकर्ण माझं होतं. तुझ्या आधीपासून, तुमच्या लग्नाच्याही आधीपासून. कमरेला, नाडी बांधते तिथे. आधी रुपयाएवढं होतं, मग पोटावर पसरलं. मी कोणालाही सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही. खामगावातले मेडिकलवाले सगळे ओळखीचे, म्हणून जळगाव जामोदला वन्संकडे गेले की तिथल्या स्टँडजवळून ट्यूब आणायची. दुकानदाराला सांगायची, मोलकरणीला हवीय. बिचारीला काही झालेलं नव्हतं. मलम लावलं की खाज थांबायची, आणि ट्यूब संपली की कडा आणखी बाहेर सरकलेली असायची. ही ट्यूब फार चांगली आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते.

आता महालक्ष्म्यांचं लिहिते. हे लिहायचं नाही म्हणून मी आज सकाळपासून दोनदा चहा केला.

आपल्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्याचं पातळ नेसूनच करायचा, हा सासूबाईंचा दंडक. रेशमी, आत परकर नाही, अंगाला लागूनच नेसायचं. उंच दांडीवर ठेवायचं, काठीनं काढायचं, कोणाला शिवू द्यायचं नाही. आणि त्याला साबण लावायचा नाही, कारण रेशीम मुळातच शुद्ध. मी या घरात आले तेव्हापासून त्या पातळाला साबण माहीत नाही. पुरणाचा घाट घातला त्या दिवशी ते माझ्या अंगावर होतं. घामानं भिजलं, तसंच दांडीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी माझे गुडघे बोलायला लागले, म्हणून मीच काठीनं ते काढून तुझ्या हातात दिलं आणि म्हटलं, "आज तू नेस, हा मान आता तुझा."

तेव्हा माझ्या मनात पाप नव्हतं, हे खरं मान. सोवळ्याला काही लागू शकतं हा विचारच मला शिवला नव्हता. घरातली सगळ्यात स्वच्छ वस्तू तीच, अशी माझी खात्री. पण दिवाळीत मला कळलेलं होतं. तुझी वर्तुळं कमरेला जिथे निऱ्यांची गाठ येते तिथून सुरू झाली होती, हे तू विहंगला सांगत होतीस ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं. माझीही तिथेच आहेत. मला त्याच क्षणी कळलं, आणि मी चकल्या तळत राहिले.

मग पाडव्याला फराळाला सगळे बसलेले असताना वन्संना तुझ्या मनगटावरचा डाग दिसला.

"हे काय झालं वं हातावर?"

"गजकर्ण आहे, आत्याबाई. औषध चालू आहे."

किती सहज म्हणालीस! सर्दी झाली म्हणावं तसं. मला तर त्या शब्दानंच घाम फुटला. जे मी इतकी वर्षं पदराखाली झाकून ठेवलं, ते या पोरीनं चकलीच्या ताटावर ठेवलं. "घरात अजून कोणाले हाय का?" वन्संनी विचारलं. तू माझ्याकडे पाहिलंस. फक्त पाहिलंस, बोलली काहीच नाहीस. मला वाटलं, आता ही बोलणार. आणि तू तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "घरात कोणाला असणार? दिवसभर त्या बुरशीच्या डब्यांत हात घालते, तिथूनच आणलं असेल."

पुढचं तुला माहीतच आहे. वन्सं सुरू झाल्या, "मी त कवाचीच सांगून राह्यली, असली नोकरी काऊन करू देता सुनेले?" विहंगनं दुसऱ्याच दिवशी तुझ्या प्रेरणा मॅडमना फोन करून माझंच वाक्य ऐकवलं, वर प्रयोगशाळेच्या हलगर्जीपणाबद्दल चार शब्द स्वतःचे घातले. चौकशी होईपर्यंत तू कामाला हात लावायचा नाही असं ठरलं. तू भाऊबीजेला म्हणून बॅग भरलीस आणि परत आली नाहीस. गावोगावच्या लोकांच्या कातडीचे नमुने गोळा करून, नेहमीच्या गोळीला ही बुरशी का जुमानत नाही हे तू शोधत होतीस. दोन वर्षांचं काम. एका वाक्यात मी ते बंद पाडलं, आणि संध्याकाळी पाहुण्यांना बासुंदी वाढली.

तू गेल्यावर मला बरं वाटलं होतं. दोन-चार दिवस बरं वाटलं, की सुटले बाई. मग एका सकाळी तुझी रिकामी खोली झाडताना पलंगाखाली तुझी एक चप्पल सापडली, एकच, आणि मी तिथेच फरशीवर बसून राहिले.

अकोल्याला पहिल्यांदा गेले तेव्हा डॉक्टरनं नुसती ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. पोरगा विहंगपेक्षा लहान असेल. म्हणाला, "काकू, यात स्टिरॉइड आहे. खाज दबते आणि बुरशी खुशाल वाढते. तिला तुम्ही रोज खाऊ घालत होतात." नमुना लगेच घेऊन उपयोग नाही म्हणाला. मलम पूर्ण बंद करायचं, दोन आठवड्यांनी यायचं. ते दोन आठवडे मी कसे काढले ते मला माहीत. मलम थांबलं तसं सगळं भडकून उठलं. चारचौघांत बसवत नव्हतं. मार्गशीर्षातल्या गुरुवारची कथा वाचताना मी एका हातानं पोथी धरली होती आणि दुसऱ्या हाताला देवाशपथ आवरत होते. तू औषध घेत गुपचूप कामाला जायचीस, तेव्हा तुलाही असंच होत असेल ना?

मंगळवारी रांगेत माझ्या शेजारी मोताळ्याकडची एक बाई बसली होती, तानुबाई नावाची. मी पदर नाकापर्यंत ओढून बसलेली.

"काऊन वं बाई, तोंड लपवून राह्यली? गजकरनच हाय ना?"

मी मान हलवली.

"मंग? मले त साऱ्या पोटाले हाय. आमच्या घरी साऱ्यायले हाय, बैलालेबी. गोळ्या खाऊनबी जात नाई. डाक्टर म्हने, साऱ्यायले घेऊन ये. आता बैल काय इकडं आनू का म्या?" आणि स्वतःच खो खो हसली. रांगेतल्या बायका हसल्या, मलाही हसू आलं. मग तिनं विचारलं, "तुमच्या घरी कोनाले हाय अजून?"

निशिगंधा, तोच प्रश्न. मी म्हणाले, "सुनेला आहे. माझ्यापासून लागलं."

हे पहिल्यांदा मोठ्यानं बोलले ते एका अनोळखी बाईजवळ. ती नुसतं "असं होय" म्हणाली आणि पिशवीतून शेंगदाणे काढून मला दिले.

आत त्या पोरानं बोथट पात्यानं कडेची कातडी खरवडून कागदात घेतली. दुखलं नाही. डोळे मिटून मी छताकडे तोंड करून पडले होते. वाटलं, एवढंच होतं? एवढ्यासाठी मी तुला घालवलं?

मग मी विचारत विचारत वर प्रेरणा मॅडमकडे गेले. उभ्यानंच सगळं सांगितलं. सोवळ्याचं, ट्यूबचं, पाडव्याचं. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाल्या, "निशिगंधाला मी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला आहे का. घरातला नमुना मिळाला असता तर तिच्या नमुन्याशी ताडून पाहता आला असता, तिच्यावरचा आळ तेव्हाच गेला असता. ती म्हणाली, घरात कोणाला नाही."

मी म्हटलं, "तिला माहीत नव्हतं हो."

त्या म्हणाल्या, "काकू, ती दिवसभर हेच पाहते. तिला कळलं नसेल?"

येताना बसमध्ये बाळापूर कधी गेलं ते मला कळलं नाही. नाडी काचू नये म्हणून रुंद पट्टीचे परकर. माझा वेगळा टॉवेल. नवरात्रात भिशीच्या बायकांना तू सांगत होतीस, "मेडिकलमधून विचारून आणलेलं मलम लावू नका, कोणी लावत असेल तर माझ्याशी एकटीशी बोला," आणि मी मनात म्हणाले होते, आली मोठी शहाणी. पाडव्याला तू माझ्याकडे पाहिलंस ते माझं नाव सांगायला नव्हतंच. मी आपणहून बोलते का, याची तू वाट पाहत होतीस. आणि मी बोलले ते काय बोलले!

तुला कळलेलं होतं. तुझं काम गेलं, नवरा तुझ्यावर उखडला, माहेरी तुला काय काय ऐकावं लागलं असेल, तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर अख्ख्या खामगावात दवंडी पिटली असती.

गुरुवारी वन्सं आल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी दांडीवरचं सोवळं काठीनं खाली काढलं आणि पाण्याच्या मोठ्या पातेल्यात साबणाचा चुरा घालून उकळायला ठेवलं. हे धावत आले, "शारदा, अगं आईचं सोवळं!" मी म्हटलं, "गजकर्ण मला होतं. या पातळातून निशिगंधाला लागलं. मला माहीत होतं आणि मी तिच्यावर ढकललं." विहंगही दारात उभा होता. वन्सं म्हणाल्या, "हळू बोल वं, बाहेर आवाज जाते." मी म्हटलं, "जाऊ द्या. तिच्या वेळेस आपण कुठे हळू बोललो?"

हे पुढे आले आणि उलथन्यानं ते पातळ पाण्यात खाली दाबत राहिले. विहंग खोलीत गेला. रात्री जेवायला आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. त्यालाही तुला लिहायचं आहे, पण मी सांगितलं, माझ्यामागे लपू नकोस, तुझं तू लिही.

रेशीम पार आटलं. रंग गेला. आता ते मागच्या अंगणात दोरीवर सगळ्यांना दिसेल असं वाळतं आहे, आणि यापुढे नैवेद्य धुतलेल्या सुती लुगड्यातच होईल.

माझा नमुना तुमच्या प्रयोगशाळेत आहे. बुरशी उगवायला वेळ लागतो म्हणे, ते तुला ठाऊक. मॅडम म्हणाल्या, काळजी करू नका, त्यावर फक्त क्रमांक असतो, तुमचं नाव कोणालाही कळणार नाही. माझं नाव कळू नये म्हणून मी तुझं सगळ्यांना कळू दिलं. मी त्यांना चौकशीसाठी सगळं पुन्हा सांगेन म्हटलं आहे, कुठेही, कोणाहीसमोर. त्या म्हणाल्या, आता चौकशीची गरज नाही, तिला म्हणावं उद्या यायचं असेल तर उद्या ये. तिचं काम मी दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही.

घरी ये, असं लिहायला मला तोंड नाही, आणि मी ते लिहीत नाही. विहंगला माफ करायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण कामावर जा. अकोल्यात खोली घे हवी तर, सुलतानपूरहून ये-जा कर हवी तर, या घराचं तोंड पाहू नकोस, पण जा. तानुबाईच्या घरच्या सगळ्यांना गोळी लागू पडत नाही. ते का, हे कोणीतरी शोधायला हवं, आणि ते तुला येतं.

चप्पल मी पुसून ठेवली आहे. सांगशील तिथे पाठवीन.

जिची लाज तू राखलीस, ती
शारदा