खांबांवरच्या पत्र्याच्या टोप्या

ये. म. यो.
इंगम, १२ मार्च १९७८

प्रिय इनेस हिस,
धाकट्या डेल्फीनाचा सा. न. वि. वि.

आज खालच्या पायरीवर शेंगा सोलत बसले होते आणि आपला पहिला शनिवार आठवला. महिन्याच्या पहिल्या शनिवारची मिस्सा उरकून आलो की पापा चर्चचा शर्ट दाराला टांगत आणि बनियनवर घराखाली शिरत. मागोमाग तू, हातात कंदील. मी पायरीशी उभी. तू आतून खांबाचा आकडा ओरडायचीस आणि मी पाटीवर रेघ ओढायची. घर ज्यांवर उभं आहे ते एकवीस खांब. मग खराटा आत जायचा, खराटा बाहेर यायचा, पापा गुडघे झाडत उभे राहायचे आणि मम्मा वरून विचारायची की संपली का तुमची मिरवणूक, इथे मक्याच्या पोलेंटाचा दगड झाला.

तो शिरस्ता मी मोडलेला नाही. पापा जाऊन सहा वर्षं झाली, एकही पहिला शनिवार चुकला नाही. आत मात्र शिरत नाही. तू तेव्हा पाहिलेला तो पाच हात लांब तपकिरी साप अजून माझ्या मनातून जात नाही. खराट्याला लांब दांडा लावून घेतला आहे, बाहेर उकिडवी बसून खांब झाडते.

पाऊस हटत नाही. जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याच्या डब्यांत आहेत, तरी मुंग्या साखरेपर्यंत पोचल्या. कशा, ते मुंग्या जाणोत. पिठात मम्मासारखी तमालपत्रं घातली आहेत. ख्रिसमसच्या सुमारास एका संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा ढगच उतरला होता. मी खाली पाण्याची परात ठेवली. सकाळी परातभर पंख. त्यानंतर पुढच्या खोलीचं दार वरून अडायला लागलं आहे. त्या दोन्हींचा काही संबंध नसेल, आठवलं म्हणून लिहिलं.

रेन्झो ईस्टरला येईल. आल्यावर आपल्या भावाचं एकच पालुपद, की टाउन्सव्हिलला माझ्या मागच्या खोलीत राहायला चल, एकटी इथे काय राखत बसली आहेस. मी त्याला पापांचं मृत्युपत्र आठवून देते. घर धडधाकट आहे तोवर डेल्फीनाचं, मोडकळीला आलं तर विकून तिघांत वाटावं. तो धडधाकट शब्द मी रोज झाडूनपुसून ठेवते ग. पापांपाशी हॉस्पिटलात काढलेल्या त्या नऊ रात्री सोडल्या तर मी या घराबाहेर झोपलेली नाही. दुसरीकडे मला झोप लागेल असं वाटत नाही.

आहे ती माया आटू देऊ नकोस.
तुझी डेल्फीना


ये. म. यो.
मेलबर्न, २ एप्रिल १९७८

चि. डेल्फीनास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रावरचं ये. म. यो. इतकं बारीक होतं की मला भिंग काढावं लागलं. शाळेतली सिस्टर कोलंबा असती तर येशू, मरिया, योसेफ ही पूर्ण नावं शंभरदा लिहून घेतली असती, आणि वर विचारलं असतं की पोरी, तिघांच्या बाबतीत एवढी कंजुषी का.

इथे थंडी पडायला लागली. काल पेटी उघडली तर तुझ्या मेहुण्याचा लोकरी कोट कसरीने चाळणी केलेला. ते गेल्यापासून चार वर्षं तो कोट मी कुणाला देऊ शकले नाही, आता किड्यांनी प्रश्न सोडवला. लवंगा आणि कापूर ठेवूनही हे असं. मुलगा आणि सून रविवारी येतात, चहा घेतात, घड्याळ बघतात. सून म्हणाली की जुनं काही ठेवूच नका ना, म्हणजे कसर लागायची नाही.

दाराचं मनावर घेऊ नकोस. पावसात लाकूड फुगतं. ऑगस्टपर्यंत सुकेल. तोवर वरच्या कडेला मेणबत्ती घास. आणि साप काय धरून बसलीस? पन्नास वर्षं झाली त्याला.

जपून राहा आणि आठवण ठेव.
इनेस


ये. म. यो.
इंगम, ९ जुलै १९७८

प्रिय इनेस हिस,
सा. न. वि. वि.

हे बघ, ये. म. यो. या वेळी ढळढळीत काढलं आहे.

ऊसतोड सुरू झाली. गेल्या आठवड्यात शेजारच्या बेनेडेट्टींनी पाला जाळायला शेत पेटवलं आणि उसातले सगळे उंदीर आमच्याकडे पाहुणे. सलामी सॉसेजची साल लावून सहा सापळे ठेवले. नऊ सापडले, पण भिंतीतला आवाज थांबला नाही. पुढच्या खोलीच्या भिंतीत टिकटिक होते, कुणी नखाने लाकूड वाजवावं तशी. मी हात आपटला की थांबते, जरा वेळाने पुन्हा. समोरच्या मिसेस ड्रेपर म्हणतात उंदराचे दात. पोस्टमन म्हणतो भुंगा. फादर म्हणाले की लाकूड सुकताना बोलतं. रेन्झोने फोनवर सांगितलं की एकट्या बायकांना भिंती ऐकू येतात, आणि स्वतःच हसला. कुणाचं धरावं ते मला कळेनासं झालं आहे. चौघंही शहाणे आहेत आणि चौघांचंही पटतं.

दार सुकायचं सोडून आता लागतच नाही. भिंतीच्या रंगाला फोड आले होते. एक दाबून पाहिला तर बोट आत गेलं, पावाच्या सालीतून जावं तसं. घाईने बोट काढलं आणि त्यावर कॅलेंडर लावलं. ओल असेल. पण जुलैच्या कोरड्या दिवसांत ओल कुठली?

घराखाली मात्र माझ्याकडून कसूर नाही. यंदा खांबांवर चिखलाच्या रेघा फार. जमिनीपासून निघतात आणि पत्र्याच्या टोपीला वळसा घालून वर जातात. पूर्वी वर्षाला दोन-तीन दिसायच्या. आता मी पहिल्या शनिवारची वाट बघत नाही, दर शनिवारी खराट्याने काढते आणि साबणाच्या पाण्याने घासते. पुन्हा येतात, पुन्हा काढते. खांब असे लख्ख आहेत की पापांनी पाठ थोपटली असती. मागच्या स्वयंपाकघराखाली तेवढं बुटकं असल्यामुळे खराटा पोचत नाही. तिथली घाण तशीच आहे, त्याची लाज वाटते.

रेन्झो नोव्हेंबरात घर बघायला येणार आहे. बघायला म्हणजे मोडकळीला आलं का ते बघायला. दारापुढे काहीतरी ठेवावं म्हणते.

लोभ ठेव, आणि काय असेल ते लवकर कळव.
डेल्फीना


मेलबर्न, १४ जुलै १९७८

डेल्फीना,

खराटा खाली ठेव. आजपासून एकाही रेघेला हात लावू नकोस. हे पत्र हातात पडताच वाळवीवाल्या हॅलोरनला बोलाव. मी त्याला तार केली आहे.

त्या रेघा म्हणजे चिखल नव्हे. वाळवी उजेडात चालत नाही, म्हणून मातीची नळी बांधते आणि तिच्या आतून ये-जा करते. पत्र्याची टोपी तिला अडवत नाही, कधीच नाही. टोपीमुळे तिला लाकडाच्या पोटातून न जाता बाहेरून वळसा घ्यावा लागतो, म्हणजे ती आपल्याला दिसते. एवढंच टोपीचं काम. पापा नखाएवढा तुकडा मोडून बघत. आत पांढरं हललं, किंवा दुसऱ्या दिवशी भोक बुजलेलं दिसलं, की त्याच नळीत विषारी पूड फुंकत. वाळवी ती पूड अंगाला लावून वारुळात नेते. खराटा फक्त जुन्या, मेलेल्या नळ्या पाडायला आत जायचा. जिवंत नळी तू पाडलीस की ती दुसरीकडून वाट काढते, जिथे आपण बघत नाही. परातभर पंखांचं वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी तुला मेणबत्ती घासायला सांगत बसले.

तुला हे माहीत नाही, कारण तू बाहेर उभी होतीस. तू बाहेर उभी होतीस, कारण साप आहे असं मी सांगितलं होतं. साप नव्हता, डेल्फीना. कधीच नव्हता. पापांना चौदा तास शेत होतं आणि घरात आपण तिघं. महिन्यातला तो अर्धा तास मला ते एकटीला हवे होते. तिथे ते मला हळू आवाजात सगळं समजावून सांगत. मी दहा वर्षांची होते. पण पुढे मी साठीची झाले, तरी सांगितलं नाही. एप्रिलमध्येसुद्धा नाही.

माफी मागते आणि ती पुरत नाही, हेही दिसतं.

इनेस


ये. म. यो.
इंगम, २० ऑगस्ट १९७८

इनेस हिस,
नमस्कार.

पाच आठवडे लिहिलं नाही. लिहायला बसले की पहिल्या ओळीतच गोंधळ व्हायचा. रागावू म्हटलं तर कुणावर? दहा वर्षांच्या मुलीवर रागावता येत नाही. साठीच्या बाईवर रागवावं तर तिनेच तार करून माणूस पाठवला. आणि सहा वर्षं खराटा तर माझ्याच हातात होता.

मिस्टर हॅलोरन आले. घराखाली तासभर होते. बाहेर येऊन टोपी काढून उभे राहिले, तेव्हाच मी पायरीवर बसले. म्हणाले की बाई, इतके स्वच्छ खांब मी तीस वर्षांत पाहिले नाहीत, आणि असं पुन्हा कधी करू नका. पुढच्या खोलीच्या भिंतीत त्यांनी पेचकस टोचला तो मुठीपर्यंत गेला. पापा-मम्माची खोली आणि पुढची खोली, दोन्हींच्या तुळया पोकळ आहेत. बाहेरून रंग आहे, आतून काही नाही. माझं कॅलेंडर खिळ्यावर होतं की नुसत्या रंगावर, देव जाणे.

मग ते स्वयंपाकघराखाली पोटावर सरपटत गेले आणि तिथून शीळ ऐकू आली. माझी लाजेची जागा! तिथल्या नळ्या ताज्या आणि अखंड होत्या. पूड फुंकायला त्यांना अशाच हव्या होत्या. पंधरा दिवसांनी परत आले, उघडून बघितलं, सगळं मेलेलं. वारूळही गेलं म्हणतात. मागचं स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली माझी खोली शाबूत आहे. नळ्या मोडल्या नव्हत्या म्हणून विष वेळेत वारुळापर्यंत गेलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मला दोन्हीदा रडू आलं. जिथे मी काही केलं नाही तेवढंच वाचलं, याचं मी काय करू?

आता पेच ऐक. हॅलोरन भला माणूस. म्हणाले की पुढच्या भिंतींना आतून फळ्या ठोकून रंग देतो, दोन-तीन वर्षं सहज उभ्या राहतील, तुमच्या भावाला कळायचंही नाही. मी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही, त्यांना चहा दिला. रेन्झोला कळलं तर घर जाईल. न कळलं तर मी रोज त्या रंगाकडे बघत झोपेन. तू काय केलं असतंस असं विचारणार होते. पण नको, सांगू नकोस.

डेल्फीना


टाउन्सव्हिल, १ ऑक्टोबर १९७८

डेल्फीस,
नमस्कार आणि डोक्यात एक टपली.

तुझं अक्षर लावत पत्र तीनदा वाचलं. हॅलोरन रंगवून द्यायला तयार, मी नोव्हेंबरपर्यंत येत नाही, आणि तू आपण होऊन मला लिहून कळवतेस की घर मोडकळीला आलं! असं फक्त ननांच्या हाताखाली शिकलेली बाईच करू शकते. ये. म. यो. लिहिलेल्या कागदावर खोटं लिहिता येत नाही म्हणतेस. म्हणून मी ते कधी लिहीत नाही.

मला वाटायचं, घर हातातून गेलं की तू सुटशील आणि इथे येशील. गेल्या आठवड्यात हॅलोरनबरोबर गुपचूप येऊन मी घराखाली जाऊन आलो. तू बाजारात होतीस. रागावू नकोस. मागच्या दोन खोल्यांचे खांब मी स्वतः ठोकून पाहिले. मग घरी येऊन मृत्युपत्र वाचलं. पापांनी धडधाकट लिहिलं आहे, किती खोल्या ते लिहिलेलं नाही. इनेसला फोन केला. ती आधी खूप रडली, मग तिनेही हेच म्हटलं. तिघांत दोघं एका बाजूला आहोत, तिसरीला विचारत नाही.

पुढचा भाग मी दोन सुतार घेऊन नोव्हेंबर अखेरीला उतरवतो, पाऊस लागायच्या आत. तुला आवरायला दोन महिने आहेत. सामान कुणाला काय ते ठरवून ठेव. आणि कृपा करून काही झाडू नकोस.

तुझा रेन्झो


ये. म. यो.
इंगम, १२ नोव्हेंबर १९७८

प्रिय इनेस हिस,
सा. न. वि. वि.

रेन्झोचं पत्र तुला कळलंच असेल. माझं घर राहिलं की गेलं, हे मला कुणी विचारलं तर अजून नीट सांगता येत नाही. सकाळी उठून मी सवयीने पुढच्या खोलीची खिडकी उघडायला जाते आणि निम्म्या वाटेत थांबते. जाऊ दे. वाटणी कळवते. हे पत्र रेन्झोला फोनवर वाचून दाखव, त्याला माझं अक्षर लागत नाही.

बारा माणसांचं जेवणाचं टेबल कॉन्व्हेंटला. सिस्टर्स दोन पंगतींत जेवतात, एका पंगतीत बसतील. त्याचा एक पाय आतून पोकळ आहे, हे सांगूनच द्यायचं.

पापा-मम्माचा पलंग जाळायचा. त्याच्या लोखंडी स्प्रिंगा बेनेडेट्टींना, त्यांना कोंबड्यांसाठी हव्या आहेत. मम्मा ऐकून हसली असती, की ओरडली असती?

कपड्यांचं कपाट मिसेस ड्रेपरना. हॅलोरननी तपासल्याशिवाय नाही.

कॉफीचे सहा कप रेन्झोच्या दोन मुलींना, तीन-तीन. नाही, थांब, एक फुटला आहे. पाच. भांडू देत.

पापांचा अकॉर्डियन रेन्झोला. आतलं कातडं झुरळांनी खाल्लं आहे, त्यातून फक्त सुस्कारा निघतो. तरी त्यालाच.

हॅलोरनना तळून साखर भुरभुरलेल्या क्रोस्टोलींचा डबा, ख्रिसमसला. डबा परत आणावा.

शिवणयंत्र तुझं. मम्माने तुझ्या लग्नातच तसं सांगितलं होतं, तुला तेव्हा न्यायला जमलं नाही. रेन्झोला म्हणालीस म्हणे की रेल्वेने पाठवायला सांग. रेल्वेने मी ते पाठवणार नाही. मागच्या खिडकीखाली उजेडात ठेवलं आहे, तेल घातलं आहे, समोर खुर्ची आहे. खोलीत दोन खाटा बसतात, रेन्झोने माप घेतलं. माझा राग अजून थोडा आहे. तो पत्रात मांडता येत नाही, मी चारदा बसून पाहिलं. यंत्र इथे येऊन घ्यायचं. उन्हाळी कपडे आण, लोकरीचं काही आणू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
डेल्फीना